दोराची खूण नसलेली बाजू

ठाण्याजवळच्या दिवा गावात, चाळीतल्या आमच्या खोलीत नळ होता. त्यातून पाणी यायचं नाही, एवढंच. टँकर आला की चाळीच्या तोंडाशी ड्रम लावायचे आणि ज्याचा पाईप आधी पोचला त्याचं पाणी. वडील गटारं खोदणाऱ्या ठेकेदाराकडे होते. दिवसभर चिखलात उभे राहून यायचे आणि घरी पाय धुवायला त्यांना एक तांब्या मिळायचा. आई डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी करायची. लोकांच्या घरी धो धो नळाखाली भांडी घासायची आणि आपल्या घरची ओल्या फडक्याने पुसून ठेवायची. यात रडण्यासारखं काही आहे असं आम्हांला तेव्हा वाटत नव्हतं. सगळ्या चाळीचं तेच होतं.

आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी गेले. कल्याणच्या कॉलेजात इतिहास घेतला. आवड होती म्हणून नाही, तिथे जागा शिल्लक होती म्हणून. वडील म्हणाले, "इतिहास तर इतिहास. पण पास हो." शेवटच्या वर्षाला प्रकल्प करायचा होता, तेव्हा आमच्या मॅडमनी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. "यांच्याकडे जा. थोडे विक्षिप्त आहेत. पळून येऊ नकोस."

सगळे त्यांना सर म्हणायचे, पण शिकवत ते कुठेच नव्हते. निवृत्त ड्राफ्ट्समन होते. उभी नोकरी रस्त्यांचे नकाशे काढण्यात गेलेली. "मी आखलेल्या रस्त्यांनी काय काय गाडलं, ते आता शोधतो आहे," असं स्वतःची ओळख करून देताना सांगायचे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात एक पेन आणि एक दात घासायचा ब्रश. ब्रश दगडांसाठी. हातात छत्री, तिच्या दांड्यावर मापाच्या खुणा कोरलेल्या. आणि खांद्याच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला, कुठल्यातरी जुन्या कपाटाचा निघालेला आरसा.

पहिल्या दिवशी त्यांनी मला पाणी विचारलं नाही, नावही विचारलं नाही. विचारलं ते असं: "तुमच्या घराजवळची सर्वांत जुनी वस्तू कोणती?"

"दिव्यात?" मी म्हटलं. "पाण्याची टाकी. पण ती बंद आहे."

"मग तिच्यावर लावायची माहितीची पाटी लिहून आणा."

मला वाटलं मस्करी करतायत. पण मी रात्री बसून लिहिली, दोन पानं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती हातात घेतली, उजवा पाय उचलला आणि एका पायावर उभे राहून वाचायला लागले. चौथ्या ओळीला तोल गेला. पाय टेकवला आणि कागद परत दिला.

"रस्त्यावरचा माणूस तुमच्यासाठी एका पायावर उभा असतो. त्याला कुठेतरी जायचं असतं. तो पाय टेकवायच्या आत तुमचं सांगून झालं पाहिजे."

ही त्यांची कायमची परीक्षा. गावात, भर रस्त्यात, रिक्षा स्टँडवर, कुठेही हा सत्तरीचा माणूस बगळ्यासारखा उभा राहून मोठ्याने पाटी वाचायचा. पोरं हसायची. एकदा शहाडला एका रिक्षावाल्याने विचारलं, "काका, नवस आहे का?" सर म्हणाले, "नाही, संपादन आहे." रिक्षावाल्याने हात जोडले.

पाट्या सुरुवातीला ते स्वतःच रंगवायचे, पत्र्यावर, गडद हिरव्या रंगाने. जुनं तळं, धक्क्याचे दगड, वेशीचा राहिलेला एक खांब, जिथे कोणी ढुंकून बघत नाही तिथे. पुढे शहरात वारसा-फलक लावायचं सरकारी काम निघालं तेव्हा मजकुरासाठी त्यांनाच बोलावणं आलं. तिथेही ते आपले नियम घेऊन गेले. पाटी म्हणजे निबंध नव्हे, तक्रार नव्हे, आणि आरती तर नव्हेच नव्हे. ज्याच्या दारात पाटी लागणार, त्याला ती आधी वाचून दाखवायची. तो नाही म्हणाला तर घरी जाऊन पुन्हा लिहायची. आणि प्रत्येक पाटीची शेवटची ओळ काय माहीत नाही ते सांगणारी. 'हा दगड कोणी कोरला, हे आम्हांला माहीत नाही.' 'हे तळे कधी आटले, हे आम्हांला माहीत नाही.'

या शेवटच्या ओळीवरून फार भांडणं झाली. एका पुढाऱ्याला आपल्या भागातल्या दगडावर थोर राजाने पाय ठेवला होता असं लिहून हवं होतं. सरांनी विचारलं, "पुरावा?" पुढारी म्हणाला, "पुरावा कशाला, लोकांची भावना आहे." सर म्हणाले, "मग भावनेची पाटी लावा. दगडाची मी लावतो." तिथे आजपर्यंत कुठलीच पाटी नाही.

त्यांच्या घरी काकू होत्या. सरांचं हे सगळं त्यांनी बरीच वर्षं सोसलेलं. मला चहा देताना म्हणायच्या, "लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा ह्यांनी लिहिलं असतं बघ, मुलगी कशी आहे, हे आम्हांला माहीत नाही." सर आतून ओरडायचे, "खरंच माहीत नव्हतं!"

स्वभावाने गोड मात्र नव्हते. कौतुक कधी करायचे नाहीत. चुकीची तारीख सांगितली म्हणून सख्ख्या मेहुण्याशी वर्षभर बोलत नव्हते. मी उशिरा आले तर घड्याळाकडे न बघता म्हणायचे, "या. इतिहास थांबला होता तुमच्यासाठी." पण मला ते पहिल्या दिवसापासून 'तुम्ही' म्हणाले. आमच्याशी असं कोणी बोलत नाही. दिव्याच्या चाळीतल्या पोरीला लोक अगंच म्हणतात.

आरशाची गंमत मी पहिल्यांदा बघितली ती ठाण्याजवळच्या खाडीकाठच्या एका गावात. रस्त्याकडेला शेंदूर लावलेला एक उभा दगड होता. अक्षरं झिजून गेलेली, डोळ्याला नुसता खडबडीतपणा दिसायचा. सरांनी आरसा काढला, ऊन त्याच्यावर घेतलं आणि तिरकं दगडावर टाकलं. एकदम रेघा उठल्या. चंद्र, सूर्य, खाली अक्षरांच्या ओळी, आणि त्याच्याखाली एक गाढव आणि एक बाई, जे नीट बघवत नाही ते. गधेगाळ होता तो. दान दिलेली जमीन कोणी बळकावली तर त्याला ही शिवी, म्हणून कोरलेला दगड.

शेजारच्या घरातली म्हातारी बाहेर आली. "आरशान काय बघताव, बाबा?"

सर लाजले. त्यांना मी लाजताना बघितलं ते तेवढंच. "बाय, हा शाप आहे. जमीन लुबाडणाऱ्याला दिलेला. चित्र जरा... शिवीचं आहे."

"आमच्या आजे-सासूपासना शेंदूर लावताव आमी. आन् तुमी सांगताव शिवी हाय?"

"शेंदूर लावा की. त्याने काही बिघडत नाही."

म्हातारीने दगडाकडे बघितलं, मग समोरच्या पत्रे ठोकलेल्या प्लॉटकडे. "मंग आमच्या जाग्यावर डोला ठेवनाऱ्या त्या बिल्डरला लागंल का ही?"

सर गंभीरपणे म्हणाले, "तसा पुरावा नाही."

म्हातारी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग तिने आम्हांला सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी दिली. सर मासे खात नव्हते. त्या दिवशी खाल्ले. पाटीचा मजकूर तिला एका पायावर वाचून दाखवला: 'दान मोडणाऱ्यास हा कोरलेला शाप आहे. चित्राचा अर्थ पाटीवर लिहिण्यासारखा नाही. गाव याला देव मानते. शाप कोणाला लागला, हे आम्हांला माहीत नाही.' म्हातारी म्हणाली, "बेस हाय."

मी बी.ए. झाले, एम.ए.ला नाव घातलं आणि रविवारी सरांबरोबर फिरणं चालूच ठेवलं. तेव्हाच डोंबिवलीच्या पलीकडच्या एका गावातली विहीर आली. गाव म्हणायचं आपलं. आता चारी बाजूंनी टॉवर आहेत. रस्ता रुंद झाला, पण विहीर वाचली, तिच्यावर जाळी बसली आणि तिथे फलक लावायचं ठरलं. सरांनी मजकूर लिहून माझ्या हातात दिला.

'ही विहीर एका व्यापाऱ्याने वाटसरूंसाठी बांधली, असे आतील शिलालेखात आहे. तिचे पाणी साऱ्या गावाने प्यायले. ती कोणी खणली, हे आम्हांला माहीत नाही.'

ते माझ्या आईचं माहेर. आमचा वाडा, म्हणजे आमच्या जातीची वेगळी वस्ती, विहिरीच्या खालच्या अंगाला होता. तिच्या लहानपणी या विहिरीवर काय व्हायचं, ते आईने मला एकदाच सांगितलं होतं, तेही टँकरच्या रांगेत उभं असताना, सहज.

मी कागद खाली ठेवला. "सर, 'साऱ्या गावाने'. याला पुरावा?"

त्यांना हा प्रश्न कोणी विचारत नसे. चष्मा काढून पुसला. "तशी लिहायची पद्धत आहे."

"कोणाची पद्धत? आमच्या लोकांना त्या विहिरीला हात लावायची बंदी होती."

"तुमच्याकडे काही कागद आहे?"

"माझी आई आहे."

"आई म्हणजे पुरावा नव्हे," सर म्हणाले. चटकन म्हणाले, सवयीने.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या दगडांना तोंड नाही म्हणून ते पुरावा. माझ्या आईला तोंड आहे, म्हणून ती नाही?" आणि मी चप्पल घालून निघाले. काकू दारात उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या. घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की परत त्या घरी जायचं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या चाळीत. गुडघे दुखत असताना दिवा स्टेशनचा पूल चढून, विचारत विचारत, दुसऱ्या मजल्यावर. आई कामाला निघाली होती. तिने घाईघाईने पलंगावरचे कपडे उचलले. सर उभेच राहिले.

"आपली परवानगी असेल तर मला आपल्याकडून काही माहिती घ्यायची आहे," ते आईला म्हणाले.

आईने माझ्याकडे बघितलं. तिला 'आपण' म्हणणारा माणूस तिने पहिल्यांदाच बघितला असावा. "कसली माहिती, सर? मी चौथी शिकलेली."

"विहिरीची. आपण कुठे उभ्या राहायच्या?"

"जाऊ द्या ना. जुनं झालं."

"जुनंच मी गोळा करतो."

मग ते बसले आणि वही काढली. दगडाला प्रश्न विचारावेत तसे विचारत होते, तेवढ्याच काळजीने. विहिरीपासून किती पावलं? कोणत्या हाताला? उन्हं कुठून यायची? आई हळूहळू बोलायला लागली. विहिरीपासून आठ-दहा पावलांवर एक दगडाची डोण होती. हंडा तिच्याशेजारी फरशीवर ठेवायचा आणि लांब व्हायचं. वरची कोणी बाई आली, तिच्या मनात आलं, तर ती आपलं पाणी भरून झाल्यावर दोन-चार कळश्या डोणीत ओतायची. ती गेली की आपण तांब्याने हंडा भरायचा. त्याच डोणीत गुरं प्यायची.

"ती आली नाही तर?" सरांनी विचारलं.

"तर उभं राहायचं. शाळा बुडायची माझी." आई हसली. "चौथीच का शिकली म्हणून विचारतात ना सगळे."

हे मला माहीत नव्हतं. टँकरच्या रांगेत तिने एवढं सांगितलेलं नव्हतं.

सरांनी वही मिटली. "आपण बरोबर याल का, जागा दाखवायला?"

"नाही," आई म्हणाली. "मी त्या विहिरीवर चढणार नाही. तुम्ही लिहून लावा, मग बघू."

जाता जाता सर जिन्यात थांबले आणि मागे न बघता मला म्हणाले, "साऱ्या गावाने, हे मी चुकीचं लिहिलं. मी लिहायला नको होतं." माफीच्या बाबतीत त्यांच्याकडून मिळायचं ते एवढंच, आणि मला ते पुरलं.

रविवारी आम्ही दोघं गेलो. विहिरीसमोर एक बैठं घर राहिलेलं होतं, टॉवरच्या मधे. ओट्यावर एक म्हातारे बसलेले, गाव त्यांना अण्णा म्हणतं. सरांच्या नियमाप्रमाणे पाटी यांच्या दारात, म्हणजे पहिला शब्द यांचा. सरांनी नवा मजकूर वाचला, त्यात आता 'गावाने बंदी केली' असं होतं. अण्णांचा चेहरा बदलला.

"बंदी वगैरे काही नव्हती. ती डोण गुरांची. कोणी सांगितलं तुम्हांला?"

"माझ्या आईने," मी म्हटलं.

अण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि मग बघायचं टाळलं. आतून त्यांचा पुतण्या आला, मोबाईल हातात. "ओ काका, आमच्या दारात आमचीच बदनामी? उद्या हे व्हॉट्सॲपवर फिरेल."

सरांनी वाद घातला नाही. ते विहिरीच्या कठड्यापाशी गेले आणि अण्णांना बोलावलं. "हात लावा इथे." कठड्याच्या दगडांत दोर घासून घासून खाचा पडलेल्या होत्या, बोट जाईल एवढ्या खोल. अण्णांनी बोट घातलं. तीन बाजूंनी खाचाच खाचा. मग सर खालच्या अंगाला गेले, जिथे आमचा वाडा होता. तिथला कठडा गुळगुळीत, जसा बसवला तसाच. एकही दोर त्याच्यावरून गेलेला नव्हता.

"या बाजूची माणसं पाणी पीत नव्हती का?" सरांनी विचारलं.

"डोणीतून घेत असतील. पण ती गुरांचीच," अण्णा म्हणाले.

डोण अजून होती, गवतात, अर्धी मातीत. सरांनी छत्रीने गवत बाजूला केलं, शेजारची फरशी दात घासायच्या ब्रशने साफ केली. गुडघ्यांमुळे त्यांना बसवत नव्हतं. मी धरलं. मग आरसा काढून ऊन तिरकं टाकलं. फरशीवर गोल उथळ खड्डे उठले, एकाशेजारी एक, हंड्याच्या बुडाएवढे.

सर खालूनच म्हणाले, "अण्णा, गुरं हंडा ठेवतात का हो?"

अण्णांनी त्या खड्ड्यांकडे बघितलं. मग घरात गेले आणि दार लावून घेतलं. पुतण्याने आम्हांला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

सरकारी काम होतं. सरांनी एक सही केली असती तर फलक दुसऱ्या दिवशी लागला असता. मी तेच म्हटलं. "पुरावा मिळाला ना आता? लावून टाकू."

"त्यांच्या दारात आहे."

"आणि ते कधीच हो म्हणाले नाहीत तर?"

"तर मी चुकलो असेन."

मला राग आला होता. खूप. चार महिने कोरा फलक सरांच्या घरात भिंतीला टेकून उभा होता. काकू त्याच्यावर ओले टॉवेल वाळत टाकायच्या. ऑफिसातून फोन यायचे, सर म्हणायचे, "मजकूर चालू आहे." आईने एकदाही विचारलं नाही, आणि ते मला जास्त लागत होतं.

पाचव्या महिन्यात एका दुपारी अण्णा कल्याणला सरांच्या घरी आले, एकटे. मी तिथेच होते. खुर्चीच्या टोकावर बसले, काकूंनी दिलेलं पाणी हातात तसंच धरून.

"माझी आई ओतायची," ते म्हणाले. "मी तिच्या पदराला धरून असायचो. ओतताना ती मागे सरायची, शिंतोडा उडू नये म्हणून. मला वाटायचं, हा खेळ आहे. मीपण मागे उडी मारायचो." पाणी दुसऱ्या हातात घेतलं. "त्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साठतं. ओट्यावरून दिसतं मला. आधी कधी दिसलं नाही."

सरांनी वही काढली.

"लिहा," अण्णा म्हणाले. "पण 'गावाने बंदी केली' असं नका लिहू. माझी नातवंडं विचारणार, गाव म्हणजे कोण? मग मी काय सांगू? 'आम्ही' लिहा."

"तुमचा पुतण्या?" सरांनी विचारलं.

"घर माझ्या नावावर आहे," अण्णा म्हणाले आणि पाणी प्यायले.

ते गेल्यावर सरांनी पेन माझ्यापुढे ठेवलं. "ती ओळ तुम्ही लिहायची. मला जमणार नाही, मला सवय वाईट लागली आहे." मी अकरा वेळा लिहिली. अकराव्या वेळी सर एका पायावर उभे राहिले आणि पाय टेकवायच्या आत वाचून झालं.

फलक लागला त्या दिवशी आई आली. इस्त्रीची साडी नेसून, वडिलांना सुट्टी घ्यायला लावून. अण्णा ओट्यावर होते. ती दिसल्यावर उठून उभे राहिले, जवळ आले नाहीत. आईने एकेका शब्दावर थांबत वाचलं, चौथी शिकलेली बाई वाचते तसं, ओठ हलवत. मग विहिरीच्या पायऱ्या चढली. सरांनी तिला हात दिला नाही, बाजूला उभे राहिले. ती वरती बराच वेळ जाळीतून खाली बघत होती.

सर जाऊन आता दोन वर्षं झाली. मी एम.ए. झाले, आणि या भागातल्या फलकांचे मजकूर मी लिहिते. त्या विहिरीवर असं लिहिलं आहे: 'ही विहीर एका व्यापाऱ्याने वाटसरूंसाठी बांधली, असे आतील शिलालेखात आहे. खालच्या बाजूला दोराची खूण नाही. त्या बाजूच्या लोकांना आम्ही विहिरीला हात लावू देत नव्हतो. गुरांच्या डोणीत पाणी ओतत होतो. विहीर कोणी खणली, हे आम्हांला माहीत नाही.' फलक जागेवर आहे. तो काढायला आजपर्यंत कोणी आलेलं नाही.